सत्तावीस सेंट आणि आमची एक्सेल शीट

'दोघं, ३८ दिवस, तीन देश आणि बजेट फक्त इतकं!' असं रील तुमच्याही फोनवर कधीतरी आलं असेल. पाठीवर सॅक, हातात नारळ, मागे समुद्र. शेवटी खर्चाची यादी आणि 'सेव्ह करून ठेवा'. मी अशी रील्स सेव्ह करणाऱ्यांपैकी आहे. दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलताना मध्ये सुट्टी मिळाली, तेव्हा मी आणि नवरा व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड असे फिरून आलो. निघण्याआधी, 'हे सगळं कुणी सुरू केलं' या उत्सुकतेपोटी एक जुनं पुस्तक वाचलं : 'अक्रॉस एशिया ऑन द चीप'. परत आल्यावर ते पुन्हा वाचलं. पहिल्या वाचनात मी पुस्तकाच्या प्रेमात होते. दुसऱ्या वाचनात मी त्याच्याशी भांडले. हा लेख त्या भांडणाचा आहे.

आधी पुस्तकाची गोष्ट. टोनी व्हीलर हा ब्रिटिश इंजिनियर, मोटारींच्या कारखान्यात काम केलेला आणि नंतर लंडनमध्ये एमबीए झालेला. मॉरीन बेलफास्टची. १९७० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका बाकावर त्यांची भेट झाली आणि पुढच्या वर्षी लग्न. टोनीला फोर्डमध्ये नोकरी मिळत होती. त्याने एक वर्ष थांबायची मुभा मागितली आणि १९७२ मध्ये दोघं एका जुन्या मिनीव्हॅनमधून पूर्वेकडे निघाले. युरोप, तुर्कस्तान, इराण करत ते अफगाणिस्तानात पोचले. काबूलमध्ये गाडी विकली. पुढे बस, रेल्वे, जे मिळेल ते. पाकिस्तान, भारत, नेपाळ, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि बालीहून एका शिडाच्या बोटीतून ऑस्ट्रेलिया. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सिडनीला पोचले तेव्हा दोघांकडे मिळून २७ सेंट उरले होते.

जो भेटे तो विचारी, 'हे जमवलं कसं?' म्हणून १९७३ मध्ये त्यांनी शंभरेक पानांचं पुस्तक स्वतःच टाइप केलं, हातानेच पिना मारल्या. १५०० प्रतींची पहिली आवृत्ती बघता बघता संपली. 'लोनली प्लॅनेट'चा जन्म हा असा. १९७५ मध्ये आग्नेय आशियावरचं दुसरं पुस्तक आलं. त्याच्या पिवळ्या कव्हरमुळे बॅकपॅकर त्याला 'यलो बायबल' म्हणू लागले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे या पुस्तकाचं मोठेपण मला माझ्या भाषेत कळतं. आपल्याकडे प्रवासाचं लेखन म्हणजे प्रवासवर्णन. पुलंचं 'अपूर्वाई' १९६० चं, 'पूर्वरंग' १९६३ चं. ही पुस्तकं आमच्या घरी आजीच्या कपाटात होती आणि आजी कधीच कुठे गेली नव्हती. जाणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. तो काळच तसा होता. परदेशी जायचं तर 'पी फॉर्म' भरा, परकीय चलन मोजूनमापून मिळणार. मराठी प्रवासवर्णन ज्या वाचकासाठी लिहिलं गेलं तो आरामखुर्चीत बसलेला होता. लेखक त्याच्या वतीने फिरून येई. व्हीलर दांपत्याचा वाचक मात्र बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याला सूर्यास्ताचं वर्णन नको होतं. सीमा कुठून ओलांडायची, पैसे कुठे बदलायचे, रात्री कुठे पाठ टेकायची, हे हवं होतं. हे साहित्य नव्हे, डॉक्युमेंटेशन आहे आणि चांगलं डॉक्युमेंटेशन लिहिणं किती अवघड असतं हे ज्याने दुसऱ्याचा कोड सांभाळला आहे त्याला विचारा. पुढच्या काळात वाचक पत्रं लिहून कळवत, 'हे हॉटेल बंद झालं, ही बस आता दुसरीकडून सुटते', आणि नव्या आवृत्तीत दुरुस्ती होई. बग रिपोर्टच की!

या लेखनाने एक मोठं काम केलं. 'जग बघणं श्रीमंतांचं काम' ही समजूत त्याने मोडली. विशीतल्या, हाताशी फारसे पैसे नसलेल्या दोघांना त्याने सांगितलं : तुम्हीही जाऊ शकता. हे श्रेय मी काढून घेणार नाही. मीही त्याच धीरावर निघाले होते.

भांडण सुरू होतं ते शीर्षकापासून. 'चीप', म्हणजे स्वस्त. पण स्वस्त कुणाला?

पुस्तक १९७३ चं. त्याच वर्षी आपल्याकडे 'फेरा' कायदा झाला आणि परकीय चलनावरचा फास आणखी आवळला गेला. म्हणजे ज्या साली लंडनच्या एका जोडप्याने आशिया स्वस्तात कसा ओलांडायचा ते छापलं, त्या साली आशियातल्या एका मोठ्या देशातल्या माणसाला स्वतःच्या कमाईचे डॉलर करून घ्यायलाही सरकारची परवानगी लागत होती. आशिया स्वस्त नव्हता. त्यांचा पाउंड महाग होता. टोनी-मॉरीन यांची काटकसर खरी, कष्ट खरे. पण काटकसरीच्या खाली विनिमय दराचा आणि पासपोर्टचा एक भक्कम ओटा होता आणि पुस्तक त्या ओट्यावर उभं राहून त्याचं नाव घेत नाही. तो रस्ताही पुढे फार काळ टिकला नाही. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि 'हिप्पी ट्रेल' बंद पडला. आपल्या पासपोर्टला तर तो नकाशा कधीच तसा खुला नव्हता. आपण वाघ्याला जातो ते परेड बघायला, तिथून पुढे जायला नव्हे.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं, असं म्हणणं खोटं ठरेल. ते कळलं सिएम रीपमध्ये.

अंगकोर वाटचा सूर्योदय बघायचा होता. तिकीट माणशी ३७ डॉलर. काउंटरवर आम्ही कार्ड दिलं, फोटो काढून घेतला, एक शब्द बोललो नाही. मग टुकटुकवाला. त्याने दिवसाचे २० डॉलर सांगितले. मी घासाघीस केली आणि १५ वर आणलं. मला ते चांगलं जमतं, तुळशीबागेतली सवय. रात्री शीटमध्ये हिरव्या रंगाने लिहिलं : वाचवले ५. पहाटे साडेचारला खाली आले तर तो माणूस टुकटुकमध्येच हॅमॉक बांधून झोपला होता. उशीर होऊन आमचा सूर्योदय चुकू नये म्हणून. मी त्याला हाक मारली तर तो दचकून उठला आणि आधी सॉरी म्हणाला.

संध्याकाळी आम्ही त्याला २० च दिले. यात काही थोरवी नाही. आपल्या मनाची टोचणी पाच डॉलरमध्ये मिटवणं हाही एक स्वस्तातला सौदाच. पण तेव्हापासून 'ऑन द चीप' ही अक्षरं मला पूर्वीसारखी वाचता येत नाहीत. दगडी मंदिरासमोर आपण घासाघीस करत नाही, कारण तिथे खिडकी असते, पाटी असते. घासाघीस फक्त माणसाशी होते. आणि आता तर आम्ही भारतीयही त्या ओट्यावर चढलो आहोत. पुण्यातल्या आयटीचा पगार कंबोडियात जे करतो, तेच पाउंडने १९७२ मध्ये आमच्याकडे केलं असणार.

दुसरं भांडण अधिक घरगुती आहे. हे जोडप्याचं पुस्तक. मग यात जोडपं कुठे आहे? '२७ सेंट'ची गोष्ट नेहमी विनोदाच्या सुरात सांगितली जाते. मला प्रत्येक वेळी वाटतं, त्या दिवशी सिडनीत दोघांपैकी जास्त कोण घाबरलं होतं? आदल्या आठवड्यात काय बोलणं झालं होतं? की बोलणंच बंद होतं? डॉक्युमेंटेशनमध्ये 'आम्ही' असतो, पण तो कंपनीच्या ईमेलमधल्या 'आम्ही'सारखा. त्यात कुणाचंच पोट दुखत नाही.

माझं दुखत होतं. हनोईहून निघाल्यावर दोन दिवस ताप होता आणि मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण आमच्या शीटमध्ये डॉक्टरचा रकाना नव्हता. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये त्याला कळलं तेव्हा तो चिडला. मी म्हटलं, 'शीट तूच बनवलीस.' तो म्हणाला, 'हिरवा रंग तू भरतेस.' दोघंही बरोबर होतो. सकाळपर्यंत बोललो नाही. त्या प्रवासातला माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा संवाद तोच आणि तो कुठल्याही गाइडबुकात बसणार नाही.

मॉरीनचा स्वतःचा आवाज मला नंतरच्या एका पुस्तकाच्या नावातच ऐकू आला. 'ट्रॅव्हल विथ चिल्ड्रन', १९८५ चं, तिच्या नावावरचं. मुलांना घेऊन प्रवास कसा करावा. म्हणजे तिने लिहायला घेतलं ते नेमकं तिथे, जिथे फक्त पैशाचा हिशेब पुरत नाही. जिथे कुणाला तरी भूक लागते, कुणी रडतं, कुणी थकतं आणि प्रवास थांबवावा लागतो. पहिल्या पुस्तकात मला जे सापडलं नाही, त्याची जागा तिला ठाऊक होती असं मला वाटतं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. पिना मारलेल्या पुस्तकाची कंपनी झाली. २००७ आणि २०११ अशा दोन टप्प्यांत ती बीबीसीने घेतली, एकूण सुमारे १३ कोटी पाउंडांना, आणि २०१३ मध्ये निम्म्याहून कमी किमतीत विकली. तोवर सगळं फोनवर आलं होतं. आजचं रील हे त्या पुस्तकाचंच नातवंड. त्याने आजोबांकडून खर्चाची यादी घेतली, वाचकांची पत्रं आणि दुरुस्त्या मात्र घेतल्या नाहीत. चुकीच्या रीलची सुधारित आवृत्ती निघत नाही.

'अक्रॉस एशिया ऑन द चीप' जरूर वाचा. त्यातला एकही भाव आज उपयोगाचा नाही, अर्धे रस्ते उरलेले नाहीत. पण दोन माणसं एका जुन्या गाडीत बसून निघतात आणि आपल्याला कळलेलं इतरांसाठी लिहून ठेवतात, हा त्यातला उदारपणा अजून ताजा आहे. फक्त वाचताना शेजारी एक रकाना आखून घ्या : हे ज्याच्यामुळे स्वस्त झालं, त्याचं काय?

आमच्या नव्या शीटमध्ये तो रकाना आहे. डॉक्टरचाही आहे. यंदा पैसे साठले तर लाओसला जायचं म्हणतोय. हिरवा रंग आम्ही काढून टाकला आहे.