घाव घातलेले नाणे

रोमन नाण्यांच्या संग्राहकासमोर कोणतेही नाणे ठेवा, तो आधी चेहरा पाहतो. नाक शाबूत आहे का, अक्षरे कडेपर्यंत उमटली आहेत का, झीज किती झाली आहे. मग ‘रोमन इम्पीरिअल कॉइनेज’ या ग्रंथमालेतला क्रमांक सांगतो. हॅरॉल्ड मॅटिंगली आणि एडवर्ड सिडनहॅम यांनी १९२३ साली या मालेचा पहिला खंड काढला आणि तेव्हापासून संग्राहकांची ती पोथीच झाली. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नाणकशास्त्रातले माझे पाठ याच खंडांवर गिरवले गेले. म्हणूनच त्यांच्याबद्दलची एक तक्रार मांडण्याचा मला थोडा हक्क आहे, असे वाटते.

तिबेरियसचा चांदीचा देनारियस घेऊ. सी. एच. व्ही. सदरलँड यांनी १९८४ मध्ये सुधारलेल्या पहिल्या खंडात तिबेरियसच्या नाण्यांत त्याचा क्रमांक ३०. एका बाजूला सम्राटाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री. ती त्याची आई लिव्हिया असावी असे पुष्कळजण मानतात. टांकसाळ ल्युग्दुनुमची, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियॉंची. बायबलमधल्या कराच्या नाण्याची गोष्ट या छापाशी जोडली गेल्यामुळे बाजारात त्याला मागणीही मोठी. ही सगळी माहिती चोख आहे. पण ती नाण्याच्या जन्माची आहे, आयुष्याची नाही.

हेच देनारियस भारतात मोठ्या संख्येने सापडले. तेलंगणातल्या अक्कनपल्ले येथे ऑगस्टस आणि तिबेरियस यांच्या नाण्यांचा दीड हजारांवर नगांचा ठेवा निघाला. पुढे नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेची उभारणी करणाऱ्या परमेश्वरीलाल गुप्त यांनी आंध्रातल्या रोमन नाण्यांवरच्या १९६५ च्या ग्रंथात अशा ठेव्यांचा अभ्यास केला. त्यातल्या कित्येक नाण्यांवर घाव आहेत. तमिळनाडूत पुदुकोट्टईच्या परिसरात १८९८ साली सोन्याची ५०१ रोमन नाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा वार आहे.

हा वार कशासाठी? धातूचा कस पाहण्यासाठी, असे एक उत्तर. पण कस पाहायला कडेला बारीक खूण पुरते. इतका ठळक घाव, तोही चेहऱ्यावर, कशाला? चलनातून बाद करून नुसते सोने म्हणून ठेवण्यासाठी, हे दुसरे उत्तर. परक्या राजाची मुद्रा इथे चालू नये म्हणून, हे तिसरे. मला दुसरे अधिक पटते. त्यात चेहरा का निवडला याचा उलगडा होतो. नाण्याला नाणेपण देणारा तो चेहराच. तो मोडला की उरते ते वजन.

याच्या अगदी उलट वागणूक आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला दिसते. तिथे रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातीच्या मुद्रा केल्या गेल्या, दोरा ओवून गळ्यात घालता येतील अशा. एकीकडे सम्राटाचा चेहरा छिन्नीने मोडला जातो, दुसरीकडे तोच चेहरा मातीत उतरवून अंगावर मिरवला जातो. रोमशी आपल्या माणसांचे नाते कसे होते, ते या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावर कळू लागते.

विक्रेत्याच्या यादीत मात्र घाव असलेले नाणे ‘खराब’ आणि मातीची मुद्रा ‘नक्कल’. दोष ग्रंथमालेचा नाही. छापांची वर्गवारी करणे एवढेच तिने ठरवले होते आणि ते तिने उत्तम केले. दोष आपला. आपण क्रमांकालाच नाण्याचा संपूर्ण अर्थ समजलो. ज्याला आपण खराब म्हणतो ते वितळवायला कुणाला वाईट वाटणार? आणि ठेव्यातली देखणी नाणी एकेक करून विकली गेली की ठेवा नावाची गोष्टच संपते.

हे मी दुसऱ्यांना सुनावतो आहे, तर स्वतःचेही सांगितले पाहिजे. वीस वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी कॉन्स्टंटाइनचे तांब्याचे छोटे नाणे घेतले. हिरवट थर, खाचांतून माती. घरी येऊन देवाची भांडी घासावीत तसे चिंच-मीठ लावून घासले. दोन सैनिक आणि त्यांच्यामधला ध्वज स्वच्छ दिसू लागला. मोठ्या हौसेने एका जाणत्या संग्राहकाला दाखवायला नेले. त्यांनी विचारले, “आणि माती कुठे आहे?”

अशी उत्तरकालीन नाणी मदुरईकडे सापडतात, श्रीलंकेत सापडतात, युरोपातही सापडतात. माझे कुठले, हे सांगू शकणारी असेल तर ती मातीच होती. विकणाऱ्याला मी विचारलेही नव्हते. माझ्या वहीत त्या नाण्याचा क्रमांक, वजन, टांकसाळ सगळे नीट लिहिलेले आहे. सापडल्याचे ठिकाण हा रकाना मी नंतर आखला. त्या नाण्यापुढे तो रिकामा आहे.