सेवाग्रामातील आस्तिक-नास्तिक संवाद : एक पुनर्वाचन

ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा वाद बहुधा दोन ठाम निश्चितींच्या झुंजीत संपतो. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात १९४४-४५ च्या सुमारास झालेला संवाद त्यास अपवाद होय. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोपराजू रामचंद्र राव ऊर्फ गोरा यांनी गांधीजींशी झालेल्या चर्चा ‘अ‍ॅन एथिस्ट विथ गांधी’ (१९५१) या ग्रंथात नोंदविल्या. त्यास किशोरलाल मशरूवाला यांची प्रस्तावना आहे.

आपला आस्तिकवाद बरोबर व गोरांचा निरीश्वरवाद चूक, असे आपण म्हणू शकत नाही, ही गांधीजींची कबुली ग्रंथाचे मर्म होय. ‘सत्य हाच ईश्वर’ हे सूत्र त्यांनी १९३१ मध्येच मांडले होते. अभ्यासक त्याची उदारता वाखाणतात. प्रस्तुत लेखकास मात्र त्यात एक सोय दिसते. सत्यालाच ईश्वर म्हटले, की नास्तिकाचा नकार खोडावा लागत नाही. त्याला न विचारताच आस्तिकांत जमा करता येते.

तथापि गोरांच्या ज्येष्ठ कन्येच्या दलित तरुणाशी ठरलेल्या विवाहात हेच सूत्र वेगळे काम करते. शपथेत ईश्वराच्या जागी सत्य घालण्यास गांधीजींनी संमती दिली. येथे आस्तिकाने नास्तिकाला सामावून घेतले नाही. स्वतःच्या आश्रमातील विधी त्याच्यासाठी बदलला. विवाह मार्च १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर, सेवाग्रामातच झाला.

अर्थात हा सारा वृत्तान्त एकाच पक्षाच्या लेखणीतून आला आहे, आणि संशयाचा जो अंश गांधीजींच्या तोंडी आढळतो तो गोरांच्या स्वतःच्या प्रतिपादनात क्वचितच दिसतो.