निमंत्रणातला एक शब्द

मंडळी, आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, गाण्याच्या कार्यक्रमाची होते, जेवणातल्या श्रीखंडाची तर हमखास होते. निमंत्रण मात्र आपण तारीख, वेळ आणि पार्किंग यांपुरतेच वाचतो. आज मी आपल्या मंडळाच्या एका निमंत्रणावर टीका करणार आहे. ते मीच पाठवले होते, तेव्हा कोणी रागावायचे कारण नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची ई-मेल पाठवायचे काम माझ्याकडे आले. चालत्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, ही आम्हा संगणकवाल्यांची जुनी खोड. आधीच्या वर्षीची ई-मेल काढली, तारीख बदलली आणि पाठवून दिली. 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे' हे वाक्य तसेच राहिले.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आमच्याकडे आली होती. बाबांना जाऊन दीड वर्ष झाले होते. शनिवारी आम्ही तयार होऊन खाली आलो, तर ती डब्यात तिळाच्या वड्या भरत होती. "तुम्ही जा. मी घरीच बरी. वड्या तेवढ्या घेऊन जा." मी आग्रह केला तेव्हा शांतपणे म्हणाली, "अरे, कोणी यायचं ते तूच लिहिलंयस ना?"

हॉलमध्ये वड्या सगळ्यांनी नावाजल्या. वड्या चालल्या, करणारीला मात्र मी एका शब्दाने घरी बसवले होते.

"शब्दात काय आहे, भावना महत्त्वाची," असे एका स्नेह्यांनी मला समजावले. पण मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. निर्जीव काकणासाठी इतके जपून बोलणारी आपली भाषा जित्याजागत्या बाईच्या बाबतीत मात्र सरळ शिक्का मारते. पुरुषाच्या नावामागे 'श्री.' लागते, ते बायको असो वा नसो, तसेच राहते. बाईची 'सौ.' नवऱ्याबरोबर जाते आणि तिथे 'गं. भा.' येऊन बसते. पाकिटावरची दोन अक्षरे वाचून पोस्टमनलाही घरची हकीकत कळावी, अशी ही सोय!

'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. शब्द पवित्र, हेतूही आदराचा. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी हाच शब्द वापरण्याचा विचार मांडला, तेव्हा बरीच टीका झाली. ती मला योग्य वाटते. शिक्का सोन्याचा केला तरी तो शिक्काच राहतो.

शब्द विचारपूर्वक बदलणे कसे असते, हे महर्षी कर्व्यांकडून शिकावे. त्यांनी १८९३ साली 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन केली आणि १८९५ मध्ये तिचे नाव 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी' असे केले. पहिल्या नावात विवाहाला उत्तेजन आहे. दुसऱ्यात फक्त वाटेतला अडथळा दूर करणे आहे. पुढे काय करायचे ते त्या बाईने ठरवावे. नाव लांबले खरे, पण निर्णय तिच्या हाती राहिला.

यंदा मी 'सर्व महिलांना, घरी आलेल्या आई, सासूबाई, मावशी, आत्या सर्वांना आग्रहाचे निमंत्रण' असे लिहिले. एक काकू पहिल्यांदाच आल्या. दारात करंडा घेऊन उभी असलेली मुलगी त्यांच्यापाशी क्षणभर थबकली आणि तिने नुसताच तिळगूळ पुढे केला. चूक तिची नव्हे. तिने घरी तेच पाहिले होते. काकू हसून आत गेल्या.

म्हणजे शब्द बदलला की हात आपोआप बदलतो असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने हे बरोबर ओळखले. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने नवे विशेषण शोधत न बसता कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथाच बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला जे जमले, ते उच्चशिक्षितांच्या आपल्या मंडळाला जमू नये? पण हेही खरे, की निमंत्रणातला शब्द बदलला नसता तर काकू दारापर्यंतही आल्या नसत्या.

म्हणून कार्यकारिणीला दोन सूचना. सभासदांच्या यादीतून 'सौ.' आणि 'गं. भा.' काढून नुसती नावे छापावीत. ज्यांना 'सौ.' हवेच असेल त्यांनी ते आनंदाने लावावे. ते त्यांचे त्यांनी ठरवावे, यादीने नव्हे. आणि पुढच्या संक्रांतीला दारातला करंडा सर्वांपुढे धरावा. कुंकू लावायचे की नाही, हे जिचे कपाळ तिने ठरवावे.

आई या हिवाळ्यात पुन्हा येणार आहे. वड्या ती करेलच. या वेळी डबा तिच्याच हातात असावा, एवढीच इच्छा.