किताबाचा वारस : झाशी, टोकियो आणि स्त्री-मल्लाचा खंडित इतिहास

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या राणीच्या दिनचर्येचा तपशील येतो. पहाटेचा व्यायाम, मल्लविद्या, घोड्यावरची रपेट ही त्या दिनचर्येची अंगे पुढील वाङ्मयात बहुधा रणसंग्रामाची नांदी म्हणूनच वाचली गेली. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेली संस्कारित संहिता आणि द. वा. पोतदार यांनी १९६६ मध्ये पुढे आणलेली मूळ संहिता यांच्या भाषेत अंतर आहे, आणि त्या अंतराची चर्चाही पुष्कळ झाली. मात्र स्त्रीची ही तालीम राणीनंतर कोणाकडे गेली, हा प्रश्न मराठी अभ्यासात क्वचितच उपस्थित होतो.

झाशीच्या संदर्भात तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांचे निधन झाले, दत्तकविधान कंपनी सरकारने अमान्य केले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. झाशीची कथा मुळातच वारसाची कथा आहे. गादीला वारस नाकारला गेला; तालमीला तो कोणी शोधलाच नाही. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीत राणीभोवती शस्त्रविद्या शिकणाऱ्या सहचरी उभ्या राहतात, त्यातून ही उणीव कल्पनेच्या पातळीवर भरून निघते, एवढेच. व्यवहारात ‘झाशीची राणी’ हाच एक किताब झाला. मराठी घरात धीट मुलीला तो सहज बहाल केला जातो. मात्र तो कोणाला हरवून मिळत नाही आणि हरून गमावताही येत नाही.

अशा किताबाचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी जपानमधील स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीतील ‘डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.ए.’ या जागतिक एकेरी किताबाकडे वळणे उपयुक्त ठरते. त्याचे मूळ अमेरिकेत, मिल्ड्रेड बर्क या मल्ल स्त्रीकडे जाते. १९५४ च्या अखेरीस बर्कने सहकारी स्त्री-मल्लांसह जपानचा दौरा केला. पुढे १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी ‘झेन निहोन जोशी प्रोरेसु’ म्हणजे अखिल जपान स्त्री-कुस्ती संस्था स्थापन केली, आणि १९७० मध्ये आइको क्यो हिने मारी व्हॅग्नोन या परदेशी विजेतीला हरवून तो किताब जपानकडे आणला. त्यानंतरची नामावली एखाद्या बखरीसारखी वाचता येते : १९७९ मध्ये जॅकी सातो आणि माकी उएदा या जिवलग जोडीची परस्परांशी झुंज, हरणारीने निवृत्त व्हावे या अटीवर; १९९० पासून जवळजवळ तीन वर्षे बुल नाकानो; १९९२ च्या नोव्हेंबरात तिला पाडणारी आजा काँग; १९९५ मध्ये आजा काँगला हरवणारी मानामी तोयोता. संस्थेत पंचविशीच्या सुमारास निवृत्त होण्याचा दंडक दीर्घकाळ होता. त्यामुळे लाल पट्टा एकीच्या कमरेला फार काळ राहणे शक्यच नव्हते. २००५ मध्ये संस्था बंद पडली, तेव्हा मागे पस्तीस वर्षांची वंशावळ उरली.

या वंशावळीचे बीज पराभवात आहे. शिवाय तो पराभव रचलेला आहे, कारण व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरतो. म्हणजेच ही परंपरा एका अर्थाने वाङ्मयीन रचनाच आहे. तिला कर्ता आहे, कथानक आहे, आणि उत्तराधिकारिणीची निवड हा त्या कथानकाचा भाग आहे. खेळाच्या दृष्टीने जे लांच्छन मानले जाते, तेच येथे सातत्याचे साधन ठरले.

नेमक्या याच मुद्द्यावर १९५४ मधील भारतीय प्रसंग विरुद्ध दिशेने जातो. ‘अलीगढची ॲमेझॉन’ म्हणून गाजलेल्या हमीदा बानूने जो मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन, असे आव्हान दिले. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-मल्लाला तर मिनिटभरही लागला नाही. परंतु रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची लढत कुस्ती-संघटनेच्या हरकतीमुळे होऊ शकली नाही. तिच्या तक्रारीला मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे : बंदी स्त्री असल्यामुळे नाही, आयोजक नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी असल्यामुळे आहे. रचलेल्या लढतीचा जो संशय जपानमध्ये व्यवसायाचा पाया झाला, तोच येथे दार बंद करण्यास पुरला. पुरुष-मल्लांच्या फडांना हा निकष किती काटेकोरपणे लावला जात होता, हे विचारण्याजोगे आहे.

हमीदाच्या आव्हानाची भाषाही तपासली पाहिजे. स्वयंवराचा पण तिने कुस्तीच्या फडात आणला. परंतु स्वयंवरात हरणे म्हणजे विवाह, आणि विवाह म्हणजे कथेची समाप्ती. तिला हरवणारा पती होणार होता, उत्तराधिकारी नव्हे. दुसरी स्त्री तिच्या जागी येण्याची तरतूद त्या पणात नाही. अजिंक्य राहिल्याची जाहिरात हे तिचे वैभव होते, आणि निर्वंशतेचे कारणही. राणीची दंतकथा आणि हमीदाचे आव्हान यांचा पिंड भिन्न असला, तरी एका अपवादाभोवती कथा गोळा करून तिथेच थांबण्याची रीत दोहोंत सारखीच आहे.

पुरुषांसाठी ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ मध्ये सुरू झाली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी. स्त्रियांसाठी तो मान २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत आला. प्रतीक्षा बागडी हिने अंतिम लढतीत कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला हरवले. मधली बासष्ट वर्षे कोणत्याही नामावलीत नोंदलेली नाहीत. गदा मात्र दरवर्षी नव्या स्पर्धेतून मिळते, आदल्या मानकरणीकडून हिसकावून घ्यावी लागत नाही; म्हणून तिची परंपरा पट्ट्यासारखी साखळीची नसून ओळीने मांडलेल्या नावांची आहे. हमीदा बानूची अखेरची वर्षे कल्याणातच गेली. १९८६ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या नावापुढे लिहिण्याजोगा कोणताही राज्यमान्य किताब नव्हता.