वाघिणीचा तांबडा रंग

आगगाडीच्या लघुप्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींत एक वाद नेहमी रंगतो : जुन्या मालगाडीच्या वाघिणीला नेमका कोणता रंग द्यावा? वरवर हा छांदिष्टांचा वाद वाटेल. पण ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला तो आपल्याच घरातला वाटावा असा आहे.

आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर. 1:87 या प्रचलित प्रमाणात ती सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. त्या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ मात्र साडेसोळाचे. ही तूट हौशी माणूस निमूटपणे पत्करतो आणि रंगाच्या एका छटेसाठी रात्र जागवतो. ही विसंगती अकारण नाही. रुंदी मोजल्यावर कळते. रंग पाहताक्षणी मनाला भिडतो.

पण खरा रंग शोधावा कुठे? 1 जून 1930 रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीची एक गाडी रुपेरी व किरमिजी आणि दुसरी निळी व सोनेरी रेघांची होती, हे आवर्जून सांगितले जाते. ओझे वाहणाऱ्या वाघिणीचे असे कौतुक कोण करणार? तिचा नेहमीचा तांबूस तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या गेरूच्याच कुळातला. स्वस्त आणि टिकाऊ. तो उन्हात विटतो, कोळशाने काळवंडतो, सिमेंटने पांढुरतो. शिवाय मूळ रंग जसाच्या तसा ओंजळीत मावणाऱ्या प्रतिकृतीला दिला, तर अधिकच गडद भासतो. म्हणून जाणते कारागीर त्यात थोडा पांढरा मिसळतात. तंतोतंत नक्कल करणारा येथे फसतो.

मीही एकदा फसलो. चिंचणीच्या माझ्या वर्गातल्या एका मुलाने पुठ्ठ्याची वाघीण केली होती. आमचे जवळचे स्टेशन वाणगाव. तेथून 1951 पर्यंत बी. बी. सी. आय. रेल्वे धावे, तिच्या जुन्या काळातली ही वाघीण. त्याने ती गेरूने रंगवली. आजोबांनी असाच रंग सांगितला, म्हणाला. मी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका छायाचित्रावर बोट ठेवले आणि म्हणालो, "काळपट हवी." त्याने मुकाट्याने काजळी फासली.

पुढे वाचनात आले, की त्या काळच्या पुष्कळ छायाचित्रांच्या काचा तांबड्या प्रकाशाला आंधळ्या असत. तांबडे त्यांत काळे उमटे. यावरून वाघीण गेरूच्याच रंगाची होती असे सिद्ध होत नाही. परंतु ज्या आधारावर मी त्या मुलाचे म्हणणे पुसून टाकले, तो आधार कच्चा होता, हे निश्चित. तोवर तो शाळा सोडून गेला होता.

अचूकतेचा आग्रह मला आजही प्रिय आहे. मात्र कागदाला जे प्रश्न विचारायचे, ते आजोबांच्या आठवणीला विचारावेत आणि आठवणीला विचारलेले कागदालाही विचारावेत, एवढी समता त्यात हवी. माझ्या कादंबऱ्यांतली जुनी माणसे मी कोणत्या काचेतून पाहून काळपट रंगवली, ते आता पुन्हा तपासतो आहे.