पालेर्मोचे छत आणि पालेर्मोची थाळी

दोन माणसे समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळत आहेत. त्यांचा डाव साडेआठशे वर्षांहून अधिक काळ रंगला आहे, आणि तोही एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या छतावर! सिसिलीतल्या पालेर्मो शहरात, नॉर्मन राजवाड्यात, दुसऱ्या रॉजर राजाने ११३२ मध्ये बांधायला घेतलेले हे ‘कापेल्ला पालातिना’. भिंतींवर बायझंटाईन मोझेइकचे सुवर्णतेज, घुमटात ग्रीक अक्षरांच्या वलयातला ख्रिस्त, आणि मध्यभागावर लाकडी मुकर्नस छत : इवले इवले पोकळ कोनाडे एकमेकांच्या आधाराने असे झुलवलेले, की लाकडाला वजन असते हेच आपण विसरावे. त्या कोनाड्यांत वादक आहेत, नर्तिका आहेत, प्याले उंचावणारे रसिक आहेत, आणि कडेने आशीर्वचनांची अरबी कूफी अक्षरे वाहत जातात. १०७२ मध्ये ज्या भावांनी हे शहर अरबांकडून जिंकून घेतले, त्यांच्यापैकीच एकाच्या मुलाने आपल्या देवघरावर हे छत चढवावे, यातले औदार्य मला त्या सगळ्या सोन्याहून झळझळीत वाटते. त्याने करवून घेतलेल्या जलघटिकेचा ११४२ चा शिलालेखही लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत आहे.

राजवाड्यापासून चालत बल्लारोच्या बाजारात आलो, की हाच शेजारधर्म जिभेवर उतरतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, घोटून, थापून, त्याचे तुकडे तळून पावात घालतात, ती पानेल्ले. आपल्या पाटवडीची सख्खी बहीणच जणू. पण पालेर्मोचा खरा आत्मा सार्डिनच्या पास्त्यात. समुद्राचा खारेपणा, रानबडीशेपेच्या पाल्याचा हिरवा दरवळ, केशराची पिवळी ऊब, चिलगोज्यांचा स्निग्धपणा, वरून खरपूस भाजलेला पावाचा चुरा, आणि अचानक दाताखाली येणारा एक मनुका! इतका वेळ खाऱ्या चवीत रमलेली जीभ त्या गोडव्याने क्षणभर थबकते आणि पुढचा घास अधिक जागेपणाने घेते. कुठलीही चव दुसरीत विरघळून जात नाही. छतावरच्या कूफी अक्षरांसारखी प्रत्येक चव आपली लिपी राखून शेजारणीशी बोलते. ही पाकसिद्धी कुशल हातांची खरीच. तिच्यामागे अनेक शतकांचा सहवासही आहे.

पालेर्मोला जाल तेव्हा एक लहानशी दुर्बीण अवश्य न्या. छत फार उंच आहे, आणि ते बुद्धिबळपटू नुसत्या डोळ्यांना सहज सापडत नाहीत.