तळीरामाच्या उशाशी

राम गणेश गडकरी ह्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली, कर्त्याच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी मद्यपी म्हटला की आमच्या सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढे सुधाकरच उभा राहतो, आणि त्याच्या स्त्रीचा विषय निघाला की सिंधूचे दळण आठवते. ही नाटकाची थोरवी निःसंशय होय. परंतु तिच्या तेजात त्याच नाटकातील दोन स्थळे झाकली गेली आहेत.

पहिले सुधाकराच्या निश्चयाचे. तो मद्य सोडतो, अगदी मनापासून सोडतो. पण कामासाठी जुन्या परिचितांच्या दारी गेल्यावर पदरी पडलेला अपमान त्याला पुन्हा पेल्याकडे लोटतो. ह्यास शीलाचा दुबळेपणा म्हणून आपण मोकळे होतो. आजचे मानसवैद्यक पुन्हा घसरणे हा ह्या आजाराचाच एक भाग मानते. गडकऱ्यांना ते शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापाशी डोळे होते.

दुसरे स्थळ विनोदी म्हणून ओळखले जाते. आजारी तळीरामाच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य भांडतात, आणि रोगी बाजूस राहतो. प्रेक्षक हसतात. आम्हांस मात्र ह्या प्रवेशात हसू येईनासे झाले आहे. भोरच्या हिरडस मावळातला किंवा वेल्ह्याच्या गुंजण मावळातला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या कानी नसलेले आवाज येतात, आणि ते दडपण्यासाठी तो पितो. घरचे प्रथम मेंगाईची शपथ घालतात, मग माळ घालतात, मग लग्नाचे पाहतात. अखेर पुण्यास न्यावे, तर एका दारी सांगावे 'आधी दारू सोडवून आणा', दुसऱ्या दारी 'आधी डोके ठिकाणावर आणा'. तळीरामाचे दोन वैद्य हेच नव्हेत काय? कोणता भ्रम मद्याचा व कोणता मुळातल्या रोगाचा, हे पुष्कळदा काही आठवडे मद्यावाचून देखरेखीखाली काढल्यावरच उमगते. म्हणून दोन्ही आजारांवर एकाच ठिकाणी, एकाच वेळी उपचार व्हावे लागतात. आणि शपथेचे म्हणाल, तर रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली असता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंप, झटके व वात होऊन प्राणावर बेतू शकते. देवीपुढची शपथ घ्यावी. पण त्या दिवसांत जवळ डॉक्टर असावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांस मानसिक आजारांतच गणले आहे; तेव्हा दारावरून परत धाडण्यास कायद्याचाही आधार उरलेला नाही.

ह्या पार्श्वभूमीवर अनिल अवचटांचे 'मुक्तांगणची गोष्ट' वाचावे. १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि त्याच्या कर्त्या डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयातील मानसवैद्य होत्या. म्हणजे दोन्ही दारे निदान एका कुंपणात आली. पु. ल. देशपांडे ह्यांनी आरंभी दिलेली लाख रुपयांची देणगी सर्वश्रुतच आहे; आम्हांस अधिक मोलाची वाटते ती स्वतः व्यसनातून सुटलेल्यांनाच समुपदेशक करण्याची रीत. सुधाकरास ज्या दारांवर अपमान भेटला, तेथे असा एक मनुष्य बसला असता तर नाटक चौथ्या अंकात संपते की काय, कोण जाणे!

अवचटांची भाषा साधी, बोलकी. अलंकार जवळजवळ नाहीतच, आणि ते बरे. उणे एकच: संस्थेच्या संस्थापकाने, तेही पत्नीच्या कार्याविषयी, लिहिलेल्या कथेत जिव्हाळा इतका असतो की परक्या टीकाकाराने विचारलेले खवचट प्रश्न तीत विचारले जात नाहीत. ते कोणी बाहेरच्याने आता विचारावेत.

सिंधूविषयी मात्र आमचे मत बदलत चालले आहे. पतीचे पाप झाकण्यासाठी मरतानाही खोटे बोलणारी ही साध्वी बालगंधर्वांनी घरोघर पोहोचविली. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. तेथे झाकण्याऐवजी बोलण्यास शिकवितात. नाटकात हे काम गडकऱ्यांनी तळीरामाच्या बायकोस, गीतेस, दिले होते. ती नवऱ्याचे प्रताप उघड सांगते, आणि जिवंत राहते.